पाहुणेघर आणि वाइनचा परवाना

(ताडोबाच्या वेशीवरील एका गावी शेतकरी व कारागीर मंडळींपुढे केलेले भाषण)



ज्याच्या घरी पाहुण्यांसाठी दोन-चार खोल्या आहेत, त्याने पाहुण्यास वाइन देण्याचा परवाना सरकारकडे मागावा की मागू नये, एवढाच आजचा विषय आहे. विषय दिसतो लहान. पण ज्या गावांत दारूपायी बायांनी रस्त्यावर बसून दिवस काढले, त्या गावांत तो लहान राहात नाही. सबब आम्ही जरा सविस्तर बोलणार आहोत. ज्यांना घरी गुरे बांधायची असतील त्यांनी खुशाल उठावे. आम्ही शाळामास्तर आहोत, मधूनच उठून जाणाऱ्यांची आम्हांस सवय आहे.

प्रथम परवाना मागणाऱ्याची बाजू ऐकून घेऊ, कारण ती खोटी नाही. मोहर्ली, कोलारा, नवेगाव या दरवाजांच्या आसपास वाघ पाहायला लोक येऊ लागले, तसे मोठ्या भांडवलाचे निवास उभे राहिले. जमीन आमच्या शेतकऱ्याने विकली, विटा आमच्या कुंभाराने भाजल्या, ताटव्या आमच्या बुरडाने विणल्या, आणि आता त्याच आवारात आमची पोरे फाटक उघडण्याच्या नोकरीवर आहेत. त्यातल्या काही हिंमतवान घरांनी स्वतःच दोन खोल्या बांधल्या, संडास-न्हाणी केली, निवास व न्याहारी योजनेत नाव घातले. तर पाहुणा येतो आणि पहिला प्रश्न काय करतो? एका दादांनी आम्हांस त्यांच्याच बोलीत सांगितले, "गुरुजी, पावना इचारते, वाइन भेटन का? नाई म्हनलं का गाडी तिकडं वळते." मोठ्याला परवाना मिळतो, लहानाला मिळत नाही, हा अन्याय नाही काय? असा त्यांचा सवाल आहे. आम्ही त्यांना तोंडावर सांगितले की होय, अन्याय आहे. मात्र त्या अन्यायावर त्यांनी शोधलेले औषध आम्हांस पटत नाही.

कायदा काय म्हणतो ते आधी समजून घ्या. दारूबंदीचा मूळ कायदा १९४९ चा. मुंबई राज्यात झालेला तो कायदा आज सबंध महाराष्ट्राला लागू आहे. नाव बंदीचे, पण काम बहुतेक परवान्यांचे. बसून पिण्याचा जो परवाना असतो, तो 'परवाना कक्ष' म्हणून हॉटेलास किंवा खाणावळीस मिळतो; त्याचे वार्षिक शुल्क गावाच्या लोकसंख्येप्रमाणे ठरते. निवास व न्याहारीचे घर हे मुळात घर असते. मालकाने कुटुंबासह तेथेच राहावे आणि उरल्या खोल्या पाहुण्यास द्याव्यात, अशी ती कल्पना. म्हणून आज अशा घराने पाहुण्यास दारू दिली तर तो सरळ गुन्हा होतो. आणि पाहुण्याने स्वतःची बाटली आणून अंगणात मैफल मांडली आणि घरधनी 'आपल्या बापाचे काय जाते' म्हणून गप्प राहिला, तरी त्याची सुटका होईलच असे नाही. त्याच कायद्याचे कलम ६८ दारू पिण्याचा अड्डा चालवणाऱ्यास आणि कलम ८४ तेथे पिताना सापडणाऱ्यास लागते. रस्त्याकडेच्या ढाब्यांवर खटले होतात ते याच कलमांखाली. ज्यांच्या घरी पाहुणे उतरतात त्यांनी हे दोन आकडे भिंतीवर लिहून ठेवावेत.

मग कोणी म्हणेल, लहान घरांना परवाना देण्याची तरतूदच नाही तर तुम्ही कशाला घसा कोरडा करता? करतो, कारण तरतूद व्हायला वेळ लागत नाही. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्याच्या मंत्रिमंडळाने ठरविले होते की १०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या किराणा भांडारांतून वाइन विकू द्यावी. वर्षाचे शुल्क ठेवले होते ५,००० रुपये. वाइन ही दारू नव्हे, ती शेतकऱ्याच्या द्राक्षाची वस्तू आहे, असे समर्थन झाले. लोकांनी ओरड केली, अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला, आणि तो निर्णय अंमलात आला नाही. परंतु जे किराणा दुकानासाठी सुचते, ते उद्या पाहुणेघरासाठी सुचणार नाही असे कोणी छातीवर हात ठेवून सांगावे? आणि त्या दिवशी 'लहान माणसाच्या हक्कासाठी' म्हणून आमच्याच नावाने तो कागद निघेल.

वाइन दारू नव्हे, या बोलण्याचा हिशेब आपण पाटीवर करून पाहू. वाइनमध्ये शेकडा १३ भाग मद्यार्क असतो असे धरा. ७५० मिलिलिटरच्या एका बाटलीत तो झाला साडेसत्त्याण्णव मिलिलिटर. विलायती म्हणून जी कडक दारू विकतात तिच्यात शेकडा ४२.८ भाग मद्यार्क. म्हणजे तिच्या ३० मिलिलिटरच्या एका मापात सुमारे १३ मिलिलिटर. तेव्हा वाइनची एक बाटली म्हणजे कडक दारूची साडेसात मापे. एक साधा पेला १५० मिलिलिटरचा धरला, तर तो दीड मापाच्या बरोबरीचा. हे त्रैराशिक आमच्या शाळेतले पोर करील. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगावर संशोधन करणारी जी संस्था आहे, तिने १९८८ सालीच सर्व मादक पेये कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातली. त्यात वाइनला वेगळी पंगत वाढलेली नाही. पुढे जानेवारी २०२३ मध्ये त्याच संघटनेने सांगितले की आरोग्यास निर्धोक म्हणावी अशी मद्याची कोणतीही मात्रा नाही. द्राक्ष शेतकऱ्याचे, हे खरे. ऊस कोणाचा आहे? आणि मोह कोणाचा?

मोहाकडे आपण परत येऊ. आधी एक जुनी गोष्ट सांगतो. ती इंग्लंडातली आहे, पण ऐकताना तुम्हांस आपलीच वाटेल.

तेथे १५५२ सालापासून नियम असा की दारूगुत्ता चालवायचा तर गावच्या दंडाधिकाऱ्याची परवानगी हवी. १८३० साली सरकारने नवा कायदा केला. घरपट्टी भरणाऱ्या कोणाही माणसाने दोन गिनी भराव्यात आणि स्वतःच्या घरात बियर विकावी. दंडाधिकाऱ्यास विचारण्याचे कारण नाही. युक्तिवाद दोन होते. एक, मोठ्या भट्टीवाल्यांची मक्तेदारी मोडेल आणि गरीब माणसास धंदा मिळेल. दुसरा, जिन नावाच्या कडक दारूपेक्षा बियर बरी. लोक सौम्य पितील आणि कडक सोडतील. एका वर्षाच्या आत चोवीस हजारांवर घरे उघडली. आठ वर्षांत ती सेहेचाळीस हजारांच्या घरात गेली. पुढे १८६० साली तेथल्या अर्थमंत्र्याने, ग्लॅडस्टनने, खाणावळींनाही जेवणाबरोबर वाइन देण्याचे परवाने खुले केले; हेतू पुन्हा तोच, की माणसे जेवता जेवता सौम्य पितील. आणि १८६९ साली काय झाले? बियरची घरे आणि वाइनचे परवाने हे दोन्ही पुन्हा दंडाधिकाऱ्याच्या हाताखाली आणावे लागले. मक्तेदारी तर मोडली नाहीच. लहान घरवाला बियर कोठून आणणार? मोठ्या भट्टीकडूनच, आणि बहुधा उधारीवर. घर त्याचे, धंदा भट्टीवाल्याचा.

आमच्याकडे यापेक्षा वेगळे होण्याचे कारण काय? नाशिककडची बाटली नागपूरच्या ठोक व्यापाऱ्यामार्फत येणार. परवान्याचे शुल्क, नोंदवही, कुलपाचे कपाट, तपासणीस येणाऱ्या साहेबांची सरबराई ही सगळी घरधन्याने करायची. ताडोबाचा गाभा पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर बंद, आणि एरव्ही मंगळवारी बंद. शुल्क मात्र बारा महिन्यांचे. समजा एका बाटलीमागे दोनशे रुपये सुटले आणि हंगामात शंभर बाटल्या गेल्या. वीस हजार रुपये. त्यातून शुल्क वजा करा, फुटलेली बाटली वजा करा, ओळखीच्या साहेबाने 'नंतर देतो' म्हटलेली वजा करा. उरते काय ते ज्याचे त्याने मोजावे. मोठा निवास हा तोटा खोलीच्या भाड्यातून भरून काढतो. तुमच्या दोन खोल्यांचे भाडे ते काय, आणि त्यातून भरणार किती?

पण पैशाचा हिशेब हा आमचा मुख्य मुद्दा नव्हे. मुख्य मुद्दा घराचा आहे.

मोठ्या निवासात दारूची खोली वेगळी असते, वाढणारा नोकर पगारी असतो, रात्री दार लावणारा पहारेकरी असतो. तुमच्या घरी वाढणार कोण? पाहुणेघराचा स्वयंपाक बाई करते, ताट बाई वाढते, सकाळी पाचला सफारीच्या गाडीआधी चहा बाई करते. परवाना येईल तो घरधन्याच्या नावावर, पण पेला भरून देण्याची पाळी घरच्या लक्ष्मीवर येईल. तिसरा पेला मागितला तर नाही म्हणायचे कोणी? नाही म्हटले आणि पाहुणा चढ्या आवाजात बोलला, तर शेजारच्या खोलीत दहावीचा अभ्यास करणाऱ्या पोरीने कानांत बोटे घालायची काय? हा प्रश्न आम्ही तीन-चार घरधन्यांना विचारला. ते खाली पाहू लागले. त्यांच्या बायकांना विचारला, तेव्हा त्या खाली पाहात नव्हत्या. एका मावशीने सांगितले, "मास्तर, नवऱ्याची सोडवाले दहा वरसं लागली. आता पावन्याची भरू?" कपाटाची किल्ली ज्या घरात आहे त्या घरात एखादा सुटलेला माणूस असेल, तर त्याचे पुन्हा काय होईल हे त्या मावशीस आमच्याहून चांगले कळते.

आणखी एक, हे जंगल आहे. पिऊन चंद्र पाहायला अंगणाबाहेर निघालेला पाहुणा आणि गोठ्याच्या अंगाने फिरणारा बिबट यांची गाठ पडली, तर पंचनामा कोणाच्या दारात होईल?

आता ज्यांच्या आठवणी कोवळ्या आहेत त्यांच्यासाठी थोडा मागचा इतिहास सांगतो. १८८० साली पुण्यात दारूची दुकाने वाढू लागली, तेव्हा नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी त्याविरुद्ध नगरपालिकेस लेखी कळविले. ही तक्रार शेतकऱ्या-कामकऱ्यांच्या घरची आहे हे त्यांनी ओळखले होते. आमच्या भागात १९८८ पासून गडचिरोलीत दारूविरुद्ध चळवळ उभी राहिली. डॉक्टर अभय व राणी बंग यांच्यासारखी माणसे त्यात होती, आणि गावोगावच्या बाया त्यांच्या पुढे होत्या. १९९३ साली त्या जिल्ह्यात दारूबंदी झाली. ती उठवावी असे वारे अलीकडे वाहू लागले, तेव्हा शेकडो गावांनी 'राहू द्या' असे ठराव केले. चंद्रपुरात डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर बाया पायी चालत गेल्या. श्रमिक एल्गारच्या पारोमिता गोस्वामी त्यांच्या अग्रभागी होत्या. १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात बंदी आली. २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने ती उठविली. कारणे सांगितली अशी की चोरटी दारू वाढली, बाया-पोरे तिच्या वाहतुकीत ओढली गेली, महसूल बुडाला.

ती कारणे सगळीच खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. बंदीच्या सहा वर्षांत चोरटी दारू आली, हे गावात राहणाऱ्या कोणाला ठाऊक नाही? परंतु घराला गळती लागली म्हणून कोणी छप्परच उतरवीत नाही. आणि जी बाई २०१० साली चिमूरहून चालली, तीच आज बचत गटाचे कर्ज काढून पाहुणेघर चालवते आहे. तिच्याच दारावर परवान्याची पाटी लावायची, हे तिला न विचारता ठरणार असेल तर त्यास आमचा विरोध आहे.

आता मोहाबद्दल. चैत्राच्या तोंडी पहाटे टोपली घेऊन बाया-पोरे मोहफुले वेचायला जातात, आणि अस्वलाची भीती डोक्यावर असते. त्या फुलांवर आमच्या गोंड-माडिया बांधवांचे देव, लग्न, बारसे, मयत सारे अवलंबून. देवापुढे मोहाची धार सोडणे ही त्यांची रीत आहे आणि तिला हसण्याचा अधिकार आम्हांस नाही. पण तीच मोहाची दारू परवान्याविना गाळली तर तो गुन्हा. शहरातला पाहुणा लांब दांड्याच्या पेल्यात द्राक्षाची घेतो तेव्हा ती संस्कृती होते, आणि आमच्या तुंब्यात मोहाची आली की ते व्यसन होते. आम्हांस दोन्ही नको आहेत, पण हा दुजाभाव त्याहून नको आहे. गोव्याने काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक निशाणी मिळविली आणि २०१६ साली तिला राज्याचा वारसा ठरविले. शेजारच्या मध्य प्रदेशाने आदिवासींच्या बचत गटांस मोहाची दारू रीतसर गाळण्याची वाट करून दिली. तो मार्ग येथे घ्यावा काय, असे काही तरुण विचारतात. आमचे मत असे की आधी मोहाचे लाडू, सरबत आणि बियांचे तेल यांस नीट भाव मिळवावा. दारूचा प्रश्न ज्यांचा मोह आहे त्या ग्रामसभांनी सोडवावा, आम्ही बिगर-आदिवासींनी त्यात शहाणपण सांगू नये. मात्र सरकारास एवढे विचारता येईल की, वेचणारीच्या फुलावर फौजदारी आणि बाटलीवाल्याच्या वस्तूस पाच हजारांत दार उघडे, हा न्याय कोणत्या पुस्तकातला?

मग पाहुण्यास द्यायचे काय, असे विचाराल. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाहीकडे मामा तलावांतील मासळी आहे. आमच्या ढिवर बांधवांकडून घ्या आणि रात्री तिचा रस्सा करा. नवा तांदूळ आहे. मोहफुलांचे लाडू आहेत, ते न खाल्लेला शहरी माणूस आम्ही पाहिलेला नाही असे नव्हे, पण एक खाऊन थांबलेला पाहिलेला नाही. दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटके लागतात, रात्रभर चालतात. पाहुण्यास गाडीत घालून न्या. बुरडाच्या अंगणात तासभर बसवा, त्याच्या हाताची टोपली तो विकत घेतल्याशिवाय उठणार नाही. एवढे करूनही ज्याची गाडी बाटलीकडेच वळते, त्यास वळू द्यावे. तो वाघ पाहायला आला असेल, पण तुमच्याकडे आलेला नाही.

राहता राहिली मोठ्या निवासांची गोष्ट, कारण त्यांना सोडून लहानांनाच उपदेश करणे हा भेकडपणा होईल. राज्यघटनेचे ४७ वे कलम सरकारवर मादक पेयांस बंदी करण्याच्या प्रयत्नाचे कर्तव्य घालते. दारूचा धंदा करण्याचा कोणाला मूलभूत हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. म्हणजे परवाना ही मेहेरबानी आहे, आणि मेहेरबानी करताना ज्याच्या गावात ती करायची त्याला विचारलेच पाहिजे. अनुसूचित क्षेत्रातील गावांना १९९६ च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांवर बंदी वा नियंत्रण घालण्याचा अधिकार दिला आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने तर तो कायदा होण्याआधीच सर्वसहमतीने आपल्या गावची दारू थांबविली होती. घाई केली नाही, एकेका घराचे मन वळेपर्यंत बसून राहिले. जी गावे अनुसूचित क्षेत्रात नाहीत, त्यांच्याकडे 'आडवी बाटली'चे मतदान आहे. त्यात एक खोच लक्षात ठेवा. नोंदलेल्या मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. मतदानाला न गेलेली बाई उभ्या बाटलीच्याच पारड्यात बसते. धानाच्या कापणीत मतदान लावले गेले तर हरकत नोंदवा, कारण त्या दिवशी अर्धे गाव शेतात असते.

आमची सूचना अशी की येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. त्याआधी नियमाप्रमाणे महिलांची सभा होते. ती कागदावर उरकू देऊ नका, खरोखर भरवा. तीत दोन ठराव मांडावेत. पहिला असा की आमच्या गावच्या हद्दीत निवासी घरास, मग ते दोन खोल्यांचे असो वा दहा, मद्य किंवा वाइन देण्याचा परवाना मागितला जाणार नाही आणि दिला जाऊ नये. दुसरा असा की हद्दीतील मोठ्या निवासांपैकी कोणाला परवाने आहेत, त्यांची मुदत कधी संपते, याची यादी ग्रामपंचायतीने उत्पादन शुल्क खात्याकडे लेखी मागावी, आणि नूतनीकरणाच्या वेळी ग्रामसभेचे मत घेतले जावे. यादी मिळायला उशीर झाला तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा. दहा रुपयांचे तिकीट लागते, ते आम्ही लावू.

दोन्ही ठरावांचे मसुदे आम्ही लिहून आणले आहेत, त्यांच्या प्रती येथे टेबलावर ठेवल्या आहेत. ज्यांच्या घरी पाहुणे उतरतात त्यांनी जाताना एकेक न्यावी. ती घरी मोठ्याने वाचावी, आणि स्वयंपाकघरातून काय उत्तर येते ते सभेच्या दिवशी आम्हांस येऊन सांगावे.